एका ओळीचा आक्षेप

धर्मेंद्र मेहरे लेखापरीक्षक होते, आणि ही गोष्ट घरी आल्यावर चपलांबरोबर दाराबाहेर काढून ठेवणं त्यांना कधी जमलं नाही. खेड्यापाड्यांतल्या ग्रामपंचायतींची दप्तरं चाळायची, हातपंपाच्या दुरुस्तीत पाणी नेमकं कुठं मुरलं ते हुडकायचं आणि त्यावर आक्षेप काढायचा, हा त्यांचा रोजचा धंदा. त्यांची गाडी वेशीत दिसली की ग्रामसेवकाला ताप भरतो, असं म्हणत. म्हणणारे अर्थात मेहरेच. घरात मात्र हा दरारा उंबऱ्यापाशीच संपायचा, कारण पत्नी नीलमबाई शाळेत गणित शिकवत आणि नवऱ्याचं बोलणं मागच्या बाकावरच्या पोराचं ऐकावं तसं अर्ध्या कानानं ऐकत.

अमरावतीत रुक्मिणीनगरातल्या या घरात लिनक्स आलं तेही याच स्वभावापायी. चौकातल्या कुलदीपनं कॉम्प्युटर बसवून देताना त्यात विंडोज टाकलं होतं. मेहरेंनी त्याची पावती मागितली. कुलदीप आधी हसला, मग घाबरला.

"साहेब, पावती कायची मांगता? सारी दुनिया असंच वापरून राहिली."

सारी दुनिया असंच करते, हे उत्तर मेहरेंनी आजवर पुष्कळ सरपंचांच्या तोंडून ऐकलं होतं आणि एकदाही मान्य केलं नव्हतं. त्यांनी ते विंडोज काढायला लावलं आणि त्याच्या जागी लिनक्स घेतलं. फुकट, आणि तरीही कायदेशीर! असा योग सरकारी नोकरीत माणसाला क्वचितच पाहायला मिळतो. तेव्हापासून येणाऱ्या-जाणाऱ्याला ते "आमच्याकडे लिनक्स आहे" असं इतक्या अभिमानानं सांगत, की नवा माणूस कुत्रा समजून आधी फाटकाकडे पाहायचा.

मुलगी खुशी अकोल्याला कृषी विद्यापीठात एम.एस्सी. करत होती. संत्र्याच्या पानाचा फोटो दाखवला की झाडाला कोणता रोग आहे ते सांगणारा प्रोग्राम तिनं तयार केला होता. तिचे आजोबा पंजाबराव हिवरखेडला संत्र्याची बाग राखून होते. नातीनं त्यांच्या झाडांची इतकी पानं तोडली, की "बाई, फांद्या तरी ठेव," असं म्हाताऱ्याला शेवटी म्हणावं लागलं. तिच्या लॅपटॉपला हा प्रोग्राम झेपत नसे, म्हणून तो घरच्या कॉम्प्युटरवर चालायचा. सोमवारी अकोल्यात परीक्षकांपुढे तो चालवून दाखवायचा होता. चालला तर पदवी. नाही चालला तर पुढच्या सत्रापर्यंत थांबायचं, आणि नाशिकच्या कंपनीनं देऊ केलेली जागा काही तोवर थांबणार नव्हती.

त्याआधी दीपमाला नावाच्या मैत्रिणीचं पातूरला लग्न होतं. त्यासाठी निघताना, चप्पल घालता घालता खुशी म्हणाली, "बाबा, माह्या प्रोग्रामले हात लावू नका बरं."

"म्या कायले लावू?" मेहरे म्हणाले.

शुक्रवारी संध्याकाळी पडद्याच्या कोपऱ्यात लाल ठिपका दिसू लागला. नवीन सुधारणा उपलब्ध आहेत, असं तो सांगत होता. मेहरेंनी खुशीचे शब्द आठवून पाहिले. आदेश प्रोग्रामपुरता मर्यादित होता, बाकी कॉम्प्युटरबाबत त्यात कोणताही उल्लेख नव्हता. उल्लेख नसेल तिथं मनाई धरता येत नाही, हे कोणताही लेखापरीक्षक सांगेल. त्यांनी सुधारणा करून घेतल्या. पडद्यावर ओळींमागून ओळी धावल्या, सगळं व्यवस्थित पार पडलं, आणि अगदी शेवटी एक ओळ उरली. इंग्रजीत होती. मराठीत तिचा अर्थ असा, की सूचना: अमुक अमुक फाईल हा सांकेतिक दुवा नाही.

इथं थोडं समजून घ्यायला हवं. कॉम्प्युटरमधली लायब्ररी म्हणजे पुस्तकांची नव्हे. स्वयंपाकघरात मसाल्याचा एकच डबा असतो आणि भाजी, वरण, रस्सा सगळ्यांना त्यातलंच तिखट-हळद लागतं, तसा हा अनेक प्रोग्रामांचा सामायिक डबा. डबे अधूनमधून बदलतात, म्हणून दाराशी नुसती एक पाटी लावलेली असते, की सध्याचा डबा अमक्या फळीवर आहे. ही पाटी म्हणजे सांकेतिक दुवा. मेहरेंच्या कॉम्प्युटरमध्ये एका ठिकाणी पाटीच्या जागी कुणीतरी सरळ डबाच आणून ठेवला होता. त्यानं कुणाचं काही अडत नव्हतं. कॉम्प्युटरनं फक्त, "असं असं आहे हो," एवढं म्हटलं होतं.

पण हे लेखापरीक्षकाला म्हटलं होतं. नोंद नसलेली वस्तू, नको त्या जागी, आणि कोणी ठेवली त्याचा पत्ता नाही! मेहरेंनी सुधारणा पुन्हा चालवून पाहिल्या. ओळ पुन्हा आली. कॉम्प्युटर बंद करून चालू केला. ओळ पुन्हा आली. आक्षेप काढायचा तो आपण, आणि इथं आपल्याच घरातलं यंत्र आपल्यावर काढतंय, या विचारानं त्यांचा चहा निवला.

"चालू हाय ना सगळं?" नीलमबाईंनी वह्या तपासता तपासता विचारलं.

"चालू असणं वेगळं आणि नियमात असणं वेगळं."

"मंग राहू द्या. आमच्या शाळेचं छप्पर बी नियमात नाई, चालू हाय."

समोरच्या घरातले मोतीरामजी वीज कंपनीतून निवृत्त झाले होते आणि रोज सकाळी आपल्या लिंबाच्या झाडाचं एक पान तपासायला घेऊन येत. संत्रा आणि लिंबू एकाच घराण्यातले, त्यामुळे प्रोग्राम त्यांच्या पानाचंही निदान करायचा. झाड ठणठणीत होतं, पण मोतीरामजींचा त्यावर विश्वास नव्हता. शनिवारी सकाळी ते पान घेऊन आले तेव्हा मेहरे पडद्यापुढे बसले होते, आणि सुटीचा दिवस असूनही त्यांच्या कपाळावर हापिसातल्या आठ्या होत्या.

"काय झालं जी?"

मेहरेंनी ओळ दाखवली. मोतीरामजींनी चष्मा चढवला आणि वाचल्यासारखं केलं.

"हे पाहा मेहरे साहेब, आमच्या खात्यात एकच नियम होता. जे तार कुठून आलं ते समजत नाई, ते कापा. ज्याची लाईट जाईन, तो बोंबलत येईन. मंग जोडा."

नियम असा बिनचूक होता, की मेहरेंना तो आपल्याच खात्याचा का नाही याचं वाईट वाटलं. त्यांनी ती बेवारस फाईल काढून टाकली, कचऱ्याच्या टोपलीतूनसुद्धा, म्हणजे नंतर कोणी अर्धवट कारवाई म्हणायला नको. मग सुधारणा पुन्हा चालवल्या. पडदा स्वच्छ. ओळ नाही. आक्षेप निकाली! मेहरेंनी खुर्चीत मागे रेलून डोळे मिटले. मोतीरामजी म्हणाले, यावर गिला वडा झाला पाहिजे. दोघं चौकात जाऊन दह्यात भिजलेला गिला वडा खाऊन आले. मेहरेंच्या मनाला लाभलेलं हे शेवटचं समाधान. त्यानंतर थेट सोमवार.

परत आल्यावर मोतीरामजींना आपल्या पानाची आठवण झाली. पान ठेवलं, फोटो घेतला, प्रोग्राम उघडायला गेले. प्रोग्राम उघडला नाही. त्याऐवजी एक ओळ आली: अमुक लायब्ररी सापडत नाही. त्या लायब्ररीचं नाव मेहरेंना ओळखीचं वाटलं. वाटणारच. सकाळपासून ते तिच्याच मागे लागले होते.

"बोंबलत आला," मोतीरामजी शांतपणे म्हणाले. "आता जोडा."

जोडायला तार हातात असावं लागतं. मेहरेंनी ती लायब्ररी इंटरनेटवरून मागवून पाहिली. जुनी मिळत नाही, नवी तुमच्याकडे आहेच, असं उत्तर आलं. तेव्हा त्यांनी हुशारी केली. नव्या लायब्ररीकडे बोट दाखवणारी पाटी तयार करून जुन्या नावानं लावून टाकली. प्रोग्राम उघडला! मेहरेंच्या जिवात जीव आला. पानाचा फोटो दाखवला. निदान आलं: कोळशी. म्हणजे पान काळं पडण्याचा रोग.

"नाई जी," मोतीरामजी हातातलं हिरवंगार पान फिरवत म्हणाले, "कोयशी कुठी हाय याच्यावर?"

दुसऱ्या पानालाही कोळशी निघाली. तुळशीला कोळशी. नीलमबाईंनी नुकत्याच आणलेल्या कोथिंबिरीला कोळशी. घोटाळा असा होता, की फोटो वाचायचं काम याच लायब्ररीकडे असे आणि नवी जुनीचं सोंग घेऊन आली तेव्हा तिला सगळेच फोटो काळेकुट्ट दिसू लागले. खात्री करावी म्हणून मोतीरामजींनी स्वतःचा चेहरा कॅमेऱ्यापुढे धरला. प्रोग्रामनं त्यांनाही कोळशी सांगितली आणि निंबोळी अर्काची फवारणी सुचवली.

"वा रे वा, लिनक्स!" मोतीरामजी उठून उभे राहिले. "मले कोयशी?" आणि ते घरी गेले. जाताना पान मात्र घेऊन गेले.

आता शहाण्या माणसानं खुशीला फोन केला असता. मेहरेंनी तिचा नंबर काढलाही. पण मागून सनईचे सूर येणार, पोरगी नटूनथटून उभी असणार, आणि तिला काय सांगायचं? त्यापेक्षा ती यायच्या आत सगळं जागच्या जागी ठेवलेलं बरं. असाच विचार करून किती ग्रामसेवक खोलात गेले, हे मेहरेंइतकं कोणाला ठाऊक नव्हतं. तरी ते त्याच वाटेनं गेले.

नवी लायब्ररी काढल्याशिवाय जुनी बसत नाही, असा त्यांनी तर्क केला आणि नवी काढायचा हुकूम दिला. कॉम्प्युटरनं भली लांब यादी दाखवली: ही काढली तर हेही निघेल, तेही निघेल. यादी वरून खाली सरकत गेली आणि शेवटी थांबून म्हणाली, खरोखरच करायचं असेल तर "होय, मी सांगतो तसंच करा" असं स्वतःच्या हातानं अक्षरशः टाईप करा. आयुष्यभर मेहरेंनी सरपंचांना एकच प्रश्न विचारला होता, की न वाचता सही केलीच कशी? त्या प्रश्नाचं उत्तर त्यांना त्या दुपारी मिळालं. घाई असली की होते. त्यांनी ते वाक्य टाईप केलं, आणि कॉम्प्युटरनं ते सांगतील तसंच केलं. आधी चित्रं गेली, मग रंग गेले, मग माऊसचा बाण गेला. काळ्या पडद्यावर एक पांढरी रेघ तेवढी लुकलुकत राहिली.

नीलमबाई येऊन मागे उभ्या राहिल्या.

"पोरीचं काम हाय ना त्याच्यात?" त्यांनी विचारलं.

मेहरेंनी कॉम्प्युटरचं कॅबिनेट उचललं, स्कूटरवर पायांच्या मध्ये ठेवलं आणि कुलदीपचं दुकान गाठलं. कुलदीपनं ते आपल्या पडद्याला जोडलं, रेघेकडे पाहिलं, मेहरेंकडे पाहिलं, आणि त्याच्या चेहऱ्यावर कित्येक वर्षांची वाट फळाला आल्याचं तेज आलं.

"फॉर्मेट मारू साहेब. विंडोज टाकून देतो. पावती बी देतो, कोऱ्या कागदावर."

"आतलं सगळं जाईल का?"

"जाईनच ना. नवं घर बांधाचं म्हणजे जुनं पाडा लागते."

मेहरेंनी कॅबिनेट पोटाशी धरलं आणि ते बाहेर पडले. अपमान गिळता येतो, पण पोरीची मेहनत कुलदीपच्या हाती देता येत नाही.

मग त्यांनी मोबाईलवरून लिनक्सवाल्यांच्या जागतिक मंचावर अर्ज केला. अर्जच होता तो. विषय: लायब्ररी गहाळ झाल्याबाबत. उपरोक्त विषयास अनुसरून सविनय सादर, की सदर फाईल काढण्यात आली असून प्रकरण तातडीचे आहे, तरी उचित कार्यवाही व्हावी. हे सगळं इंग्रजीत. थोड्या वेळानं पहिलं उत्तर आलं: आधी मंचाचे नियम वाचा. दुसऱ्यानं, हा प्रश्न पूर्वीच विचारलेला आहे, असं म्हणून अर्ज दप्तरबंद केला आणि जुन्या प्रश्नाचा पत्ता दिला. मेहरे तिकडे गेले. तिथं परदेशातल्या एका माणसाला हुबेहूब हाच त्रास झाला होता, आणि खाली त्यानंच लिहिलं होतं: सुटला, धन्यवाद. कसा सुटला, ते नव्हतं. असल्या माणसाच्या गावाचं दप्तर एकदा तपासायला मिळावं, असं मेहरेंना फार वाटलं. ते परत आले तेव्हा बंद अर्जाच्या तळाशी कोणीतरी जाता जाता लिहून गेलं होतं, की त्या ओळीनं काहीच बिघडत नव्हतं, तुम्ही ती काढायला गेलातच कशाला?

या प्रश्नावर मेहरे विचार करत असतानाच फाटक वाजलं. खुशी आली होती. हातावर मेंदी, पिशवीत लग्नातल्या बुंदीचा पुडा. तिनं काळा पडदा पाहिला.

"काय झालं याले?"

मेहरे उभे राहिले. "सदर फाईल," ते म्हणाले, "नजरचुकीनं काढण्यात आली."

"कोणी काढली?"

"म्हणजे अपडेटनंतर ती अनधिकृत आढळून आली, त्यामुळे..."

"बाबा. कोणी काढली?"

"म्या," मेहरे म्हणाले. एवढं छोटं वाक्य त्यांनी बऱ्याच वर्षांत उच्चारलं नव्हतं.

खुशीनं पिशवी खाली ठेवली. ओरडली असती तर बरं झालं असतं. ती फक्त म्हणाली, "ते फाईल म्या ठेवली होती. रोहितदादानं बनवून देल्ली होती मले. जगात त्याच्याबिगर कोणापाशी नाई." मग ती आईकडे वळली. "आई, बाबाले सांग, आता कशाले हात लावू नका म्हणा." मेहरे तिच्यापासून हातभर अंतरावर उभे होते. तरी निरोप नीलमबाईंमार्फत आला, आणि त्यानंतर सगळे निरोप तसेच येऊ लागले.

तिचा प्रोग्राम आणि फोटो सुरक्षित निघाले, हे नशीब. लिनक्सही नव्यानं बसवता येणार होतं. अडलं होतं ते त्या एका लायब्ररीवाचून. खुशीच्या जुन्या कॅमेऱ्याचे फोटो वाचता यावेत म्हणून तिच्या पुढच्या वर्गातल्या रोहितनं जुनी लायब्ररी खटपट करून सुधारून दिली होती. रोहित सध्या मेळघाटात सेमाडोहला होता. जंगलात लावलेल्या कॅमेऱ्यांतले वाघ-अस्वलांचे फोटो निवडायचं काम त्याला लागलं होतं. फोन लावला, तर तो संपर्क क्षेत्राच्या बाहेर.

रविवारी उजाडताच मोतीरामजींची मारुती दारात उभी राहिली. कोळशीचा राग त्यांनी गिळला होता, कारण तार कापायचा सल्ला आपलाच, हे त्यांना आत कुठंतरी बोचत होतं. नीलमबाईंनी डबा भरून घेतला. परतवाडा मागं पडलं, घाट चढला, सागाचं रान लागलं. मोबाईलच्या एका गाण्याहूनही लहान असलेली फाईल आणायला चार माणसं व्याघ्र प्रकल्पात शिरत होती. खुशी खिडकीबाहेर पाहत होती. मेहरे तिच्याकडे पाहत होते.

नाक्यावर बुधाजी नावाचे वनखात्याचे पहारेकरी बसले होते.

"कुठं चालले? काम काय?"

"सेमाडोहला," मेहरे म्हणाले. "लायब्ररी आणायला."

"सेमाडोहले लायब्ररी नाई."

"तशी नव्हे. एक फाईल आहे."

"कोनत्या हापिसाची? पत्र दाखवा."

"हापिसाची नाही हो. काढून टाकलेली फाईल आहे, ती परत..."

"काढून टाकली म्हंजे?" बुधाजींनी पेन खाली ठेवलं. "जंगलातून काई काढाचं-नेयाचं असन तर साहेबाची परवानगी लागते. रजिस्टरात मले तीनच कामं लिवता येतात. फिरायले, नातेवाइकाले भेटायले, का सरकारी?"

मेहरेंची पंचाईत झाली. फिरायला आलेले नव्हते. रोहित नातेवाईक नव्हता. आणि खोटी नोंद करायची? त्यांनी बुधाजींना समजवायला सुरुवात केली, की 'इतर' असा एक रकाना असायला हवा होता आणि तो नाही ही मुळात गंभीर त्रुटी आहे. मागे गाड्यांचे हॉर्न वाजू लागले. शेवटी नीलमबाईंनी काच खाली केली.

"दादा, पोट्टं एकटं राह्यते जंगलात. डबा देयाले चाललो."

"मंग असं सांगा ना बाई!" बुधाजींनी दांडा वर केला. "नातेवाईक" असं ते लिहीत असताना मेहरेंनी डोळे मिटून घेतले.

रोहितनं डबा आधी घेतला, मग गोष्ट ऐकली. हसून त्याला ठसका लागला. त्यानं आपल्या लॅपटॉपमधून फाईल पेन ड्राइव्हवर दिली आणि म्हणाला, "ते ओळ पुन्हा येईन बरं काका. पन पाटी नीट करून देऊ काय? दोन मिनिटांचं काम हाय."

"नको!" चौघंही एकदम ओरडले, आणि बाहेरच्या झाडावरची माकडं पांगली.

संध्याकाळपर्यंत खुशीनं सगळं नव्यानं बसवलं. रोहितची फाईल जिथं होती तिथंच, पाटीच्या जागी, जशीच्या तशी ठेवली. मग लायब्रऱ्यांची उजळणी करणारा हुकूम दिला. पडद्यावर ती ओळ आली: अमुक फाईल हा सांकेतिक दुवा नाही. दाराआडून पाहणाऱ्या मेहरेंना भरून आलं. प्रोग्रामनं मोतीरामजींच्या पानाला निरोगी ठरवलं, आणि मोतीरामजी पुन्हा नाराज होऊन घरी गेले.

"आई," खुशी म्हणाली, "बाबाले सांग, उद्या यायचं असन तर मांगं बसा म्हणा. बोलायचं नाई."

सोमवारी पहाटे ते अकोल्याच्या एसटीत बसले. कॅबिनेट गोधडीत गुंडाळून मेहरेंनी मांडीवर घेतलं होतं आणि प्रत्येक गतिरोधकाला ते त्याच्यावर हात ठेवत. कंडक्टरनं गोधडीकडे पाहून लेकरू केवढं आहे, असं विचारलं. एरवी मेहरेंनी त्याला सामानाचे नियम ऐकवले असते. आज ते नुसतं म्हणाले, "झोपलंय. हळू बोला."

विद्यापीठाचं सभागृह भरलं होतं. बाहेरगावाहून आलेल्या परीक्षक बाई पहिल्या रांगेत बसल्या होत्या, आणि खुशीच्या आधी परीक्षा दिलेला एक मुलगा डोळे पुसत बाहेर गेला होता. मेहरे आणि नीलमबाई शेवटच्या रांगेत बसले. खुशीनं बोलायला सुरुवात केली आणि चांगलं बोलली. मग तिनं प्रोग्राम सुरू करण्याआधी नेहमीसारखी लायब्रऱ्यांची उजळणी केली, आणि ती ओळ भिंतीएवढ्या पडद्यावर येऊन उभी राहिली.

बाईंनी हात वर केला. "थांबा. ही वॉर्निंग कशाची?"

खुशीनं सांगितलं.

"म्हणजे तुम्हाला माहीत होतं? आणि तरी तसंच घेऊन आलात? दोन मिनिटांचं काम आहे. आत्ता दुरुस्त करा, मग पुढे जाऊ."

खुशीचा चेहरा उतरला. परीक्षकांना नाही कसं म्हणायचं? तिचा हात कीबोर्डकडे गेला.

"हात लावायचा नाही!"

सगळं सभागृह मागे वळलं. शेवटच्या रांगेत मेहरे उभे होते. आपण उभे आहोत, हे त्यांनाही सगळ्यांबरोबरच कळलं.

"आपण कोण?" बाईंनी चष्म्यावरून पाहत विचारलं.

या प्रश्नाचं उत्तर मेहरेंना पाठ होतं. ते ऐकून गावोगावचे लोक खुर्ची पुढे करत. पण तोंड उघडल्यावर त्यांना कळलं, की इथं त्या उत्तराला काही अर्थ नाही. कोणीतरी खुदकन हसलं. दारापाशी उभा असलेला शिपाई त्यांच्या दिशेनं यायला निघाला.

"माझे बाबा आहेत, मॅडम," खुशी म्हणाली. माईकवरून म्हणाली, त्यामुळे ते सगळीकडे ऐकू गेलं. "ही वॉर्निंग त्यांनी एकदा दुरुस्त केली होती. माझा प्रोग्राम बंद पडला, मग सगळा कॉम्प्युटर बंद पडला, मग आम्हाला मेळघाटात जावं लागलं. ती काढल्यावर काय होतं, ते माझ्या बाबांइतकं कोणी तपासलेलं नाही. म्हणून ठेवली आहे."

सभागृह हसलं. परीक्षक बाईंनी हसू दाबायचा प्रयत्न केला, पण जमला नाही. "मग राहू द्या," त्या म्हणाल्या. "पान दाखवा."

खुशीनं हिवरखेडच्या बागेतलं पान कॅमेऱ्याखाली ठेवलं. प्रोग्राम क्षणभर थांबला आणि म्हणाला, नागअळी. बाईंनी पान हातात घेतलं, उजेडाकडे धरलं, त्यावरची अळीची नागमोडी वाट बोटानं चाचपली आणि मान डोलावली.

मेहरे अजून उभेच होते. नीलमबाईंनी सदरा ओढून त्यांना खाली बसवलं. आयुष्यात पहिल्यांदा त्यांच्यावर आक्षेप निघाला होता, तोही भर सभेत, माईकवरून, पुराव्यानिशी, आणि त्यांना तो शब्दन् शब्द पुन्हा एकदा ऐकायचा होता.